जाळीत शिरलेला पारवा

माघ सरता सरता कशेळ्याच्या शिवारात राब भाजायला लागतात, आणि मग महिनाभर सकाळ येते ती धुराच्या वाटेनंच. भाताच्या रोपांसाठी राखलेल्या तुकड्यांवर पालापाचोळा, शेण, काटक्या पसरून शेतकरी त्यांना विस्तव लावतात. ज्वाळा फारशी उठत नाही, पण आतल्या आत धुमसणारा तो थर दिवसभर एक जड, कडवट, किंचित गोडसर वास सोडत राहतो, आणि त्यात आमच्या कुंपणापलीकडच्या आंब्याचा मोहोर असा मिसळून जातो की जळण्याचा वास कुठला आणि फळण्याचा कुठला, हे नाकाला सांगता येत नाही. त्या दिवसांत सूर्यही उगवतो तो निस्तेज, तांबूस, डोंगराच्या खांद्यावर कुणी विसरून ठेवल्यासारखा. त्याच्याकडे उघड्या डोळ्यांनी बघता येतं. गेल्या वर्षी अशाच एका सकाळी मी धान्याच्या भरड्याचं भांडं घेऊन मागच्या अंगणात गेले, आणि जाळीच्या आत, चौदा कोंबड्यांच्या मधोमध, मला तो पारवा दिसला.

आम्ही दोघं भावंडं या घरात राहतो. माझा थोरला भाऊ खोपोलीच्या एका कागद कारखान्यातून निवृत्त झाला, पाठोपाठ वहिनी गेली. मी कर्जतच्या शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलं, भिसेगावात भाड्याच्या दोन खोल्यांत एकटीनं संसार केला, आणि तिथून मोकळी झाले. मग दोघांनी मिळून कशेळ्याबाहेर, पेज नदीच्या अंगाला, हे कौलारू घर बांधलं. नदीला उन्हाळ्यातही पाणी असतं, त्यामुळे आजूबाजूला हिरवं राहतं आणि पाखरंही राहतात. कोंबड्या पाळायची हौस मात्र सर्वस्वी माझी. लोधिवलीला, आमच्या लहानपणी, कोंबड्या अंगणभर, ओटीवर, प्रसंगी देवघराच्या उंबऱ्यापर्यंत फिरायच्या. त्यांच्या त्या स्वतःशीच चाललेल्या पुटपुटण्याखेरीज मला घर घरासारखं वाटत नसे.

दादानं शेवग्याच्या झाडापासून विहिरीच्या कठड्यापर्यंत जाळी ठोकली, वरूनही ताणून बसवली, आणि आत विटांचं खुराडं बांधलं. त्याला बारीक जाळी हवी होती. मोठ्या भोकांची जाळी मी मागून घेतली, चिमण्यांना आत यायला मिळावं म्हणून. शेवग्याच्या खोडाभोवती जाळी नीट मिळेना, तिथे हातभर फट राहिली, तीही मी बुजवू दिली नाही. दादा दोनदा तारेचं भेंडोळं घेऊन शिडीवर चढला आणि दोनदा मी त्याला खाली उतरवलं.

हिवाळ्यात सकाळी भरड्याचा ओलसर, आंबूस वास अंगणात पसरला की आधी चिमण्या येत, मग ठिपकेवाल्या मुनिया वाऱ्यानं उडवलेल्या भुशासारख्या एकदमच खाली उतरत, मग साळुंक्यांची जोडी, मग लाजरे होले. जाळीच्या भोकातून अंग आकसून आत शिरायचं, कोंबड्यांच्या पायांतून दाणा टिपायचा, मातीच्या परळातलं पाणी प्यायचं आणि आले तसे निघून जायचं. मला ती ये-जा फार प्रिय होती. आपण जिवंत काहीतरी कोंडून ठेवलं आहे ही बारीकशी टोचणी त्या मोकळ्या पाखरांमुळे बोथट होई. शाळेत असताना वर्गाच्या खिडकीतून पाखरू आत आलं की मुलं जशी एका क्षणात बदलून जात, तसं काहीतरी माझं होई.

हिराबाईला मात्र ते आवडत नसे. हिराबाई वरच्या ठाकरवाडीतली. आठवड्यातून दोनदा ती डोंगर उतरून येई, आमच्या परसातली खुरपणी करी, येताना ऋतूप्रमाणे कंदमुळं, कोरळाची भाजी, करवंदं घेऊन येई. माझी पहिली कोंबडी तिनंच दिलेली. तिच्या घरी, तिच्या माणसांशी ती जे बोले ते मला निम्मं कळत नसे. माझ्याशी बोलताना ती कशेळ्याच्या बाजाराची भाषा वापरी, थोडी सावकाश, जसं आपण पाहुण्यासमोर घरातलं चांगलं भांडं काढतो. त्या हिवाळ्यात एकदा खुरपं बाजूला ठेवून ती बराच वेळ जाळीकडे बघत राहिली.

"बाई, ही पाखरं आत येऊ देऊ नका," ती म्हणाली. "रानभर फिरतात, कुठं बसतात, काय खातात, कोणाला ठावं. आमच्याकडं एक साल अशीच मर आलेली. वाडीत एक कोंबडं ऱ्हायलं नाय."

"अहो हिराबाई, चिमण्या आहेत त्या. त्यांनी कुणाचं काय केलंय?"

"चिमण्यांनी काय केलं नाय. चिमण्यांना पण ठाव नसतं ना."

मी हसले. शिक्षकाला एक वाईट सवय असते, समोरच्याचं बोलणं पुरतं ऐकण्याआधीच त्याच्यातला भाबडेपणा दिसू लागतो. माझं हसणं तिनं पाहिलं आणि पुन्हा खुरपं हातात घेतलं.

त्याच सुमारास पारवे येऊ लागले होते. आमच्या बाजूला पूर्वी पारवे नसत. कर्जतच्या दिशेनं नव्या इमारती उठल्या, त्यांच्या न विकलेल्या मजल्यांच्या अंधाऱ्या खिडक्यांतून त्यांनी बिऱ्हाडं थाटली, आणि तिथून ते थव्यांनी आमच्या शिवारावर येत. चिमण्यांसारखा त्यांचा आवाज वर जात नाही, तो खाली, छातीत घुमत राहतो. विहिरीच्या कठड्यावर ओळीनं बसून ते घुमू लागले की दुपार अकारण जड व्हायची, आणि कोंबड्या दाणे टिपायच्या थांबून एक डोळा वर करून बघायच्या.

त्या सकाळी आत सापडलेला पारवा शेवग्याजवळच्या फटीतून शिरला असावा. भोवती कोंबड्या होत्या, तरी त्याला त्यांचं भान नव्हतं. तो स्वतःभोवती हळूहळू फिरत होता, एकाच दिशेनं, पुनःपुन्हा. थांबला की त्याची मान सावकाश वळायची, वळतच राहायची, आणि शेवटी डोकं उलटं होऊन एक नारिंगी डोळा आकाशाकडे लागायचा. मी समोर भरडा टाकला. त्यानं चोच मारली ती दाण्याच्या शेजारी, मातीवर. पुन्हा मारली, पुन्हा शेजारी. दाणा त्याला दिसत होता, पण सापडत नव्हता. उभ्या आयुष्यात मी इतकी असहाय भूक पाहिली नव्हती.

दादा त्या आठवड्यात पुण्याला मुलाकडे गेला होता. तो असता तर त्यानं तो पारवा फावड्यावर घेऊन नदीपल्याड नेला असता. मी एकटी होते, आणि मला दया आली. बाहेर ठेवावं तर मांजराची भीती, म्हणून जाळीच्याच एका कोपऱ्यात बांबूच्या डालग्याखाली मी त्याला ठेवलं. कोंबड्यांच्याच परळातून त्याला पाणी पाजलं. चोच उघडून भिजवलेले दाणे घातले. डालग्याच्या फटींतून त्याची पातळ, हिरवट विष्ठा बाहेर ओघळे, कोंबड्या येऊन ती माती उकरत, आणि मी पाहत असे. पाहत असे, हे मला आता लिहिलंच पाहिजे. मनात काही हललं नाही असं नाही. पण दयेचं एक विलक्षण असतं, ती करणाऱ्याला इतकं सुख देते की आजूबाजूला बघावंसं वाटत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो मेलेला होता. मान पाठीवर वळलेली, चोच आकाशाकडे. मी शेवग्याच्या बुडाशी वीतभर खड्डा करून त्याला पुरलं, वर एक दगड ठेवला, विहिरीवर हात धुतले आणि घरात येऊन चहा टाकला.

त्याच दिवशी उन्हं वर आल्यावर हिराबाई आली. ती कामाला आली नव्हती, ती भुरीला न्यायला आली होती. भुरी म्हणजे आमची राखाडी कोंबडी; ती खुडूक झाली होती, म्हणजे अंडी घालायची थांबून नुसती उबवायला बसायची, खाली अंडं असो वा नसो. हिराबाईकडे अकरा कोंबड्या होत्या, पण त्यांतली एकही त्या वेळी खुडूक नव्हती, आणि तिला पिल्लं काढायची होती. त्यामागे एक कारण होतं. तिची मुलगी सुनंदा आश्रमशाळेत शिकून कर्जतला औषधांच्या दुकानात कामाला लागलेली, लग्न होऊन सहा वर्षं झालेली, दोनदा दिवस राहून गेलेले. आता तिसऱ्यांदा सातवा महिना लागला होता आणि ती माहेरी आली होती. सुनंदाच्या बाळंतपणासाठी हिराबाईनं त्या अकरा कोंबड्या वर्षभर जपल्या होत्या. एकही विकली नाही, एकही पाहुण्याला कापली नाही. चाळीस दिवस लेकीला रोज अंडं आणि गरम रस्सा मिळायला हवा, मागच्या दोन वेळी अंगात काही नव्हतं म्हणूनच तसं झालं, असं ती मनाशी धरून होती.

तिनं भुरीला पंखांखालून उचललं, पदराच्या टोकानं तिचे डोळे झाकले आणि टोपलीत ठेवलं. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाकीची बरी हायत ना, बाई?"

त्या क्षणी मी विहिरीच्या सावलीत उभी होते आणि दहा पावलांवर तो दगड होता. कोंबड्या उन्हात पंख पसरून धुळीत लोळत होत्या. त्यांना काहीच झालं नव्हतं. मी म्हटलं, "बऱ्या आहेत की सगळ्या."

ते खोटं नव्हतं. पुढचे कित्येक दिवस मी त्या वाक्याला उलटंपालटं करून पाहिलं, आणि प्रत्येक वेळी ते शब्दशः खरं निघालं.

ती टोपली डोक्यावर घेऊन बांधावरून निघाली. राबाच्या धुरात तिची आकृती आधी कमरेपर्यंत, मग खांद्यांपर्यंत बुडाली, आणि शेवटी नुसती टोपली हवेत तरंगत चालल्यासारखी दिसत राहिली. हाक मारायचं अंतर होतं. मी हाक मारली नाही. काय सांगणार होते? की एक आजारी पारवा होता, आणि तिनं सांगितलेलं मी हसण्यावारी नेलं होतं? त्याला लागणारं धैर्य तसं फार मोठं नव्हतं, म्हणून तर मला त्याची इतकी लाज वाटते.

भुरी गेल्यावर पाचव्या दिवशी पांढरी तलंग, अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी, खुराड्याबाहेर आली नाही. पिसं फुलवून, डोळे मिटून ती कोपऱ्यात उभी होती आणि श्वास घेताना तिच्या घशातून बारीक शीळ येत होती. संध्याकाळपर्यंत तिच्याजवळच्या दोघी तशाच झाल्या. दुसऱ्या सकाळी तिची मान वळू लागली. सावकाश, एका बाजूला, मग पाठीवर, मग डोळा आकाशाकडे. मी जाळीला धरून उभी होते. ती हालचाल मी ओळखली.

दादा पुण्याहून त्याच दुपारी परतला. त्यानं पिशवी ओटीवर ठेवली, जाळीपाशी गेला, परत आला आणि कशेळ्याच्या पशुवैद्याला घेऊन आला. डॉक्टर तरुण होती, सौम्य बोलणारी. तिनं एक कोंबडी हातात घेऊन पापणी उघडून पाहिली, विष्ठा पाहिली.

"मानमोडी दिसतेय," ती म्हणाली. "लस दिली होती?"

"नाही."

"जाळीत बाहेरचे पक्षी येत होते का?"

मी पारव्याचं सांगितलं. पहिल्यांदा, मोठ्यानं, दादासमोर. डॉक्टर ऐकत राहिली. मग म्हणाली, "त्यानंच आली असं खात्रीनं नाही सांगता येणार. बाजारातून आणलेल्या कोंबडीतून येते, चपलेच्या मातीतून येते. पण शक्यता आहे." ज्यांना लागण झाली आहे त्यांना औषध नाही, असं तिनं सांगितलं. मेलेल्यांना खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायचं, आणि आजूबाजूला कुणाकडे निरोगी कोंबड्या असतील तर त्यांना ताबडतोब लस द्यायची. "माणसाला फारसं काही होत नाही. कधी कधी डोळे येतात, तेवढंच."

तिनं जो संशय मोकळा सोडला होता तो मी दोन्ही हातांनी पकडला. खात्रीनं सांगता येणार नाही. चपलेच्या मातीतून येते. मनात मी ते मंत्रासारखं घोळवत होते, तेवढ्यात दादानं विचारलं, "भुरी कुठंय?"

मी सांगितलं.

"तू हिराबाईंना सांगितलंस?"

"वाडीत फोन लागत नाही."

"मालू, फोन लागत नाही म्हणजे रस्ता नाही असं नाही."

दादा मला इतक्या हळू आवाजात कधी रागावला नव्हता. तरीही मी त्या दिवशी गेले नाही, आणि दुसऱ्याही दिवशी गेले नाही. घरी मरणं चालू होती, खड्डे खणायचे होते, चुना आणायचा होता. न जाण्यासाठी लागणारं सगळं काम समोर होतं. एकेक कोंबडी उचलताना तिचं वजन जाणवे, जिवंतपणी वाटलं नव्हतं इतकं. आणि वर, जाळीवर, चिमण्या बसलेल्या असत. त्या आत उतरत नव्हत्या आता. नुसत्या बसून बघत होत्या, निदान मला तरी तसं वाटे. डोंगरावरच्या गवताला वणवा लागला होता आणि त्या पिवळट काळ्या उजेडात सगळीच पाखरं एकाच रंगाची दिसत होती.

तिसऱ्या दिवशी शेवटच्या, तेरावीला पुरलं. जाळी रिकामी झाली आणि माझ्यापाशी काम उरलं नाही. मग मी निघाले.

कशेळ्याहून जीपनं रस्ता संपेपर्यंत, आणि पुढे पायवाटेनं तासभर. दोन्ही बाजूंना पळस फुलला होता, आणि पानं झडलेल्या त्या रानात ती फुलं मला निखाऱ्यांसारखी दिसली. वाडी जवळ आली तशी मी कान देऊन चालू लागले. आदिवासी वाडीची चाहूल लांबून लागते ती कोंबड्यांनीच. वळण घेण्याआधीच त्यांची कुठेतरी उकराउकर, फडफड, आरव ऐकू येतात. मी वळण घेतलं, खालची तीन घरं ओलांडली. कुठूनही काही ऐकू आलं नाही. एका कुडाला टेकून एक म्हातारी बसली होती, तिनं माझ्याकडे पाहिलं आणि नजर पुन्हा मातीकडे वळवली.

हिराबाईच्या अंगणात सारवलेल्या जमिनीवर चार कोंबड्या ओळीनं निजवलेल्या होत्या. त्यांच्यावर सागाची पानं टाकलेली होती. पडवीत सुनंदा पाय लांब करून बसली होती, पोटावर हात ठेवून, आणि तिचे डोळे लालभडक झाले होते.

"बाई, या," ती म्हणाली आणि उठायला लागली. मी तिला खांद्यावर हात ठेवून बसवलं.

"डोळ्यांना काय झालं गं?"

"धूर हाय ना सगळीकडं," ती म्हणाली. "आन कालपासनं आई रडतेय, मंग मला पण येतं."

धुरानं, की रडून, की डॉक्टर म्हणाली होती त्यानं, हे मला कळेना. त्या लाल डोळ्यांखाली तिचं ते भरलेलं, सातव्या महिन्याचं पोट मी पाहत होते आणि माझ्या मनात असे विचार येत होते जे मी कधी कुणाला सांगणार नाही.

हिराबाई घरातून बाहेर आली. तिनं मला आत नेलं. कोपऱ्यात पाटीत भाताच्या पेंढ्यावर भुरी बसलेली होती. तिची मान वळून पाठीला लागली होती, डोळ्यावर पांढरा पडदा आला होता, पण पंख अजून पसरलेले होते, आणि त्या पंखांखाली नऊ अंडी होती. ती उठली नव्हती.

"चार दिस झालं," हिराबाई म्हणाली. "खात नाय, पीत नाय. पन बसलीय."

मी बोलले. उभ्यानंच, एका दमात. पारवा, डालगं, परळ, दगड. तो मेला त्या सकाळी तुम्ही आलात, तुम्ही विचारलंत, आणि मी काय उत्तर दिलं ते. डॉक्टरांनी चपलेच्या मातीबद्दल सांगितलेलं मात्र मी सांगितलं नाही. एवढं एक तरी मला धड करता आलं.

ती ऐकत असताना तिचा हात भुरीच्या पाठीवर होता.

"म्हंजी मी विचारलं तेवा तुमाला ठावं व्हतं?"

"आजार काय ते ठाऊक नव्हतं. पण तो आजारी होता हे ठाऊक होतं."

"आन आमी नेताना तुमी बघत व्हत्या."

"हो."

तिनं मान हलवली. शिव्या दिल्या असत्या, हाकललं असतं, तर मी ते छातीशी धरून खाली उतरले असते. तिनं फक्त एवढंच विचारलं, "वरच्या आळीतली कोंबडी वाचतील का?"

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून लस देणारा माणूस आला. दादा आणि मी त्याच्याबरोबर घरोघर फिरलो. बायका कोंबड्या धरून ठेवत आणि तो त्यांच्या डोळ्यांत एकेक थेंब सोडी. वरच्या आळीतली सात घरं वाचली. खालच्या आळीत काही उरलं नाही, हिराबाईच्या अकरांपैकी एकही नाही. काम संपवून पेटी बंद करताना तो माणूस, कुणाला उद्देशून नव्हे, सहज म्हणाला, "दोन दिवस आधी कळलं असतं तर खालची पण निम्मी वाचली असती."

दादानं माझ्याकडे पाहिलं नाही. तो चपला घालण्यात गुंतला.

हिराबाईनं भुरीखालची अंडी काढून नेऊन पुरली. मी पुढे निरोप पाठवला की मी तुम्हाला कोंबड्या आणून देते, हव्या तितक्या, लस दिलेल्या. तिचा उलट निरोप आला, आता साल दीड साल नको, ती मर जागेत ऱ्हाते. निरोपात राग नव्हता, व्यवहार होता. पण ती खुरपणीला आली नाही. चैत्रात आली नाही, वैशाखात आली नाही. बाजारात दिसली की थांबे, दादाची चौकशी करी, सुनंदाचं बरं चाललंय म्हणे, आणि तिच्या आवाजात तीच ती सावकाश, पाहुण्यांसाठी राखलेली भाषा असे. पूर्वी त्या भाषेत मधूनमधून एखादा घरचा शब्द निसटायचा. आता निसटत नव्हता.

त्या उन्हाळ्यात मी रात्रंदिवस एकाच बातमीची वाट पाहत होते आणि तीच बातमी येऊ नये असंही वाटत होतं. जीपवाल्याचा हॉर्न वाजला, दारात कुणाची सावली पडली, की मी हातातलं काम टाकून ओटीवर येई. मागच्या दोन वेळांसारखं झालं तर? तिच्या अंगात बळ यावं म्हणून राखलेलं जे होतं ते मीच काढून घेतलं होतं, आणि उद्या काही झालं असतं तर जगातला कुठलाही डॉक्टर त्याचा धागा माझ्या जाळीपर्यंत आणून जोडू शकला नसता. कुणीही मला विचारलं नसतं. ती निर्धास्तता फार भयंकर होती.

ज्येष्ठ लागता लागता बातमी आली. मुलगी झाली होती, कर्जतला, दवाखान्यात. जरा अशक्त होती, पण आई नि लेक दोघी घरी आल्या होत्या. मी अळिवाचे लाडू केले, जुन्या सुती साडीचं दुपटं शिवलं, आणि बारा दिवस उलटल्यावर वाडीवर गेले. आकाश भरून आलेलं होतं पण पडत नव्हतं. रानात वारा नव्हता, पान हलत नव्हतं, आणि दगडातून उन्हाची झळ अजून वर येत होती. खालच्या आळीत त्या दिवशीसारखीच शांतता होती. फक्त हिराबाईच्या घरातून एक अगदी बारीक, चिरका रडण्याचा आवाज येत होता, आणि तो ऐकून मी वाटेतच दगडावर टेकले.

सुनंदा पडवीत बसली होती. वाळली होती, पण हसली. डोळे स्वच्छ होते. मांडीवरचं गाठोडं तिनं किंचित माझ्याकडे वळवलं. मूठभर चेहरा, काळं दाट जावळ, आणि पापण्यांखाली कसलं तरी मोठं काम चालू असल्यासारखी हालचाल. मी पिशवी खाली ठेवली आणि हात पुढे केले.

"थांबा, बाई," हिराबाई म्हणाली.

ती आत गेली, पाण्यानं भरलेली कळशी घेऊन बाहेर आली आणि अंगणाच्या कडेला, दगडापाशी उभी राहिली. "हात धुवून घ्या."

बाळंतिणीच्या घरी बाहेरून आलेल्यानं हातपाय धुवावेत, ही सगळीकडचीच रीत आहे. लोधिवलीला आमची आईसुद्धा कुणाला त्याशिवाय बाळाजवळ जाऊ देत नसे. हिराबाईनंही कदाचित तेवढंच म्हटलं असेल. तिच्या आवाजात काही नव्हतं. मी पदर खोचून खाली बसले, हात पुढे केले, आणि तिनं कळशी तिरकी केली. पाणी विहिरीचं, थंडगार होतं. मी तळवे चोळले, बोटांच्या बेचक्या चोळल्या, मनगटं चोळली, आणि वर पाहिलं. ती माझ्या हातांकडे बघत होती. धार थांबली नव्हती. मी पुन्हा हात चोळू लागले. पाठीमागे बाळ रडायचं थांबलं होतं, ढगांतून कुठेतरी दूर, भीमाशंकरच्या बाजूला, गडगडत होतं, आणि ती पाणी ओतत राहिली, मी हात धूत राहिले. पुरे, असं आम्हा दोघींपैकी कुणीच म्हटलं नाही.